सावित्रीच्या खोऱ्यातला संयुक्त महाराष्ट्र

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा विषय निघाला, की सांगणारा थेट मुंबईच्या फ्लोरा फाउंटनपाशी जाऊन उभा राहतो. त्यात वावगे काही नाही. रक्त तिथेच सांडले आणि हुतात्मा स्मारकही तिथेच आहे. पण फक्त तिथूनच पाहिले, की ही चळवळ मुंबई शहराची, फार तर पुण्या-मुंबईच्या पुढाऱ्यांची वाटू लागते. मी महाड-पोलादपूरकडचा माणूस. माझा जन्म झाला तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन गेले होते, म्हणजे मी काही त्या लढ्याचा साक्षीदार नव्हे. तरी लहानपणापासून ज्या गोष्टी ऐकत आलो आणि पुढे वाचून ज्या ताडून पाहिल्या, त्यांवरून माझे असे मत झाले आहे, की मुंबई महाराष्ट्रात का हवी या प्रश्नाचे सरळ उत्तर मुंबईपेक्षा सावित्रीच्या खोऱ्यात लवकर सापडते.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरजवळ खाली उतरते, महाडला वळसा घालते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. या खोऱ्यात डोंगरउताराची नाचणी-वरी आणि खालच्या खाचरातले भात. पाऊस भरपूर, पण तो चार महिन्यांत वाहून जातो आणि दिवाळीनंतर शेतात काम उरत नाही. त्यामुळे घरटी एक माणूस तरी मुंबईला, हा इथला नियम. लालबाग, परळ, शिवडी या भागांत एकेका गावाने खोली धरलेली असे. दहा बाय बाराच्या त्या खोलीत पाळीपाळीने वीस-पंचवीस गडी झोपत. जेवण एखाद्या खानावळवाल्या बाईकडे. माझ्या वडिलांचीही काही वर्षे अशीच गेली. महिन्याच्या महिन्याला पोस्टमन मनीऑर्डर घेऊन येई आणि त्या पैशांत वाण्याची उधारी, मुलांची वह्या-पुस्तके, घराची शाकारणी होई. गौरी-गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी गावी यायचा. उरलेले वर्ष घरची बाई शेत, गुरे आणि सासू-सासरे सांभाळायची.

आता अशा माणसाला १९५५ साली सांगितले गेले, की मुंबई तुझ्या राज्यात नसेल. दिल्लीचे म्हणणे असे, की मुंबईत मराठी बोलणारे निम्म्याहून कमी आहेत, शहर सगळ्या देशाचे आहे, व्यापार-उद्योग इतरांनी उभा केला आहे. यातले पहिले विधान आकड्यांच्या हिशेबाने खरेच होते. पण गिरणीच्या साच्यावर उभ्या असलेल्या माणसाला तो हिशेब कसा पटावा? त्याच्या दृष्टीने मुंबई हे त्याच्या गावाचेच कमाईचे अंग होते. पोलादपूरच्या घरातला एक भाऊ कुलाबा जिल्ह्यात आणि दुसरा केंद्रशासित प्रदेशात, असे कसे चालेल, हा त्याचा साधा सवाल होता.

या प्रश्नाचा मागचा धागा थोडक्यात सांगतो, कारण तो बऱ्याच जणांना ठाऊक आहे. काँग्रेसने १९२० सालच्या नागपूर अधिवेशनापासून आपल्या प्रांतिक समित्या भाषेनुसार बांधल्या होत्या. स्वातंत्र्यानंतर राज्येही तशीच होतील असे लोक धरून चालले होते. १९४६ च्या मे महिन्यात बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. पण फाळणीनंतर देशाच्या नेत्यांना भाषेची भीती वाटू लागली. आधी दार आयोगाने आणि मग जवाहरलाल, वल्लभभाई, पट्टाभी या तिघांच्या समितीने भाषावार प्रांतांना थांबा म्हटले. डिसेंबर १९५२ मध्ये पोट्टी श्रीरामुलू उपोषणात गेले आणि १ ऑक्टोबर १९५३ ला आंध्र झाला. मग फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग आला. १९५५ च्या त्याच्या अहवालाने तेलुगू, कन्नड, मल्याळी माणसांना त्यांची राज्ये दिली. मराठी-गुजराती मात्र एका द्विभाषिकात ठेवले आणि विदर्भ वेगळा काढला. त्यानंतर काँग्रेस कार्यकारिणीने त्रिराज्याची योजना आणली, म्हणजे महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा आणि मुंबई वेगळी. २१ नोव्हेंबर १९५५ चा फ्लोरा फाउंटनचा गोळीबार याच संतापातून झाला. १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी मुंबई केंद्राकडे राहील असे जाहीर केले. ती घोषणा त्यांनी आकाशवाणीवरूनच केली होती. नंतरच्या आठवड्यात मुंबईत पुन्हा गोळ्या चालल्या आणि मृतांची संख्या फार मोठी झाली. सगळ्या लढ्याचे मिळून १०५ हुतात्मे हा आकडा लोकांच्या तोंडी बसला. पुढे त्यात एक-दोन नावांची भरही पडली.

महाडला गोळीबार नवा नव्हता. १९४२ च्या सप्टेंबरात तिथल्या कचेरीवर मोर्चा गेला होता आणि माणसे गोळीला बळी पडली होती. पण ते राज्य परक्यांचे होते. आता मोरारजी देसाईंच्या सरकारने, म्हणजे आपणच मते देऊन बसवलेल्या सरकारने, गोळ्या घातल्या. जुनी माणसे चळवळीबद्दल बोलताना सीमा, आयोग, अहवाल याबद्दल फारसे बोलत नसत. हा आपल्याच सरकारचा गोळीबार मात्र त्यांच्या मनातून जात नसे.

इथे महाड तालुक्यातल्या नाते या गावाकडे वळतो. रायगड किल्ल्याकडे जाताना वाटेत लागते ते हे नाते. १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामणराव देशमुखांचा जन्म इथे झाला. मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, आयसीएसला पहिले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५० पासून देशाचे अर्थमंत्री. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ते काँग्रेसकडून कुलाब्यातूनच लोकसभेवर गेले. हा माणूस काही सभा गाजवणारा नव्हता. आयुष्यभर फायलींवर मोजके शेरे मारणारा, कमी बोलणारा अधिकारी. अशा माणसाने मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला. तो १९५६ च्या जुलैत प्रत्यक्षात आला आणि त्यांनी लोकसभेत त्याची कारणे सांगितली. मला त्या निवेदनातले विशेष वाटते ते हे, की त्यांनी केवळ मराठीपणाची हाक दिली नाही. निर्णय ज्या रीतीने घेतला गेला त्या रीतीवर त्यांनी बोट ठेवले आणि मुंबईतल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी का होत नाही, असा जाब विचारला. अर्थमंत्र्याने पंतप्रधानांना कामकाजाच्या पद्धतीवरून भर सभागृहात सुनवावे, ही गोष्ट आजही दुर्मीळच. आमच्याकडे त्यांच्या विद्वत्तेचे कौतुक होते, ते व्हावेच. पण नात्याच्या या सुपुत्राने खुर्ची सोडली, हे शाळेत मला कुणी नीट सांगितले नव्हते. ते मी पुढे वाचनातून शोधले.

महाडशी जोडलेले दुसरे नाव या चळवळीत अवघड जागी उभे आहे. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९४८ साली दार आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले आणि मुंबई महाराष्ट्राचीच आहे हे वकिली काटेकोरपणे मांडले. १९५५ मध्ये भाषिक राज्यांवर पुस्तिका लिहिली तेव्हा मात्र त्यांनी मराठी भाषकांची चार राज्ये सुचवली आणि मुंबई हे त्यातले एक वेगळे नगरराज्य ठेवले. एका राज्यात एकच भाषा असावी, पण एका भाषेचे एकच राज्य असले पाहिजे असे नाही, हा त्यांचा मुद्दा. त्यामागची धास्ती स्पष्ट होती. मोठ्या भाषिक राज्यात संख्येने मोठी असलेली जात बाकीच्यांवर स्वार होईल आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला दाद मागायला जागा उरणार नाही. ज्या महाडात नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव करूनही तीन वर्षांनी पाण्याला हात लावल्यावर माणसे झोडपली गेली, त्या महाडचा अनुभव या धास्तीच्या मुळाशी असणारच. तरीही त्यांचा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन हा पक्ष १९५६ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत आला. कम्युनिस्ट, प्रजा समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, जनसंघ आणि फेडरेशन हे सगळे एका मांडवात. अशी मोट पुन्हा कुणाला बांधता आली नाही. बाबासाहेब त्याच वर्षी ६ डिसेंबरला गेले. त्यांची शंका समितीच्या व्यासपीठावर फारशी चर्चिली गेली नाही, आणि मला वाटते ही समितीची उणी बाजू होती.

भाषेचा प्रश्नही आमच्याकडे दिसतो तितका सरळ नाही. महाड, दासगाव, आंबेत या पट्ट्यातले कोकणी मुसलमान घरी कोकणी बोली बोलतात. बाजारात भात विकणारा कुणबी, मासळी विकणारी कोळीण, घाटावरून मिरच्या घेऊन येणारा व्यापारी, प्रत्येकाची मराठी निराळी. भाषेचे राज्य म्हणजे पुस्तकी मराठीचे राज्य अशी कल्पना करून बसले, तर यातले निम्मे लोक बाहेर पडतील. मामलेदाराला आपले म्हणणे मध्यस्थाशिवाय सांगता यावे, एवढेच यातल्या बहुतेकांचे मागणे होते. याच पट्ट्यातल्या आंबेतचे अब्दुल रहमान अंतुले पुढे १९८० मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १९८१ मध्ये, कुलाब्याचा रायगड जिल्हा झाला.

आता पोलादपूरकडे. १ नोव्हेंबर १९५६ ला त्रिराज्य बाजूला पडून मराठी-गुजरातींचे मोठे द्विभाषिक मुंबई राज्य झाले आणि यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. तिकडे गुजरातेतही ते नको होते. इंदुलाल याज्ञिकांच्या महागुजरात चळवळीत अहमदाबादला तरुण पोरे गोळीला बळी पडली होती, हे आपल्याकडे सहसा विसरले जाते. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि मुंबईत समितीने काँग्रेसची दाणादाण उडवली. चव्हाण स्वतः कऱ्हाडमधून थोडक्यात वाचले. विदर्भ-मराठवाड्याने मात्र काँग्रेसला हात दिला आणि राज्य टिकले. आणि त्याच वर्षी ठरले, की प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते करायचे. तारीख ३० नोव्हेंबर.

प्रतापगडाला जाण्याच्या वाटा दोनच. पुण्याकडून येणाऱ्याला वाईवरून पसरणीचा घाट, पाचगणी, महाबळेश्वर. मुंबई-कोकणातून येणाऱ्याला महाड, पोलादपूर आणि आंबेनळीचा घाट. समितीने ठरवले, की दोन्ही अंगांनी लोकांनी यायचे आणि काळी निशाणे दाखवायची. मराठी माणसाला त्याचे राज्य नाकारायचे आणि त्याच्याच राजाच्या पुतळ्याला हार घालायला यायचे, हे कसे, असा समितीचा सवाल. नेहरूंनी आपल्या इतिहासाच्या पुस्तकात पूर्वी शिवरायांविषयी जे लिहिले होते त्याचाही राग होताच. दुसरी बाजूही होती. महाराजांच्या कार्यक्रमाला काळे निशाण म्हणजे महाराजांचाच अपमान, असे म्हणणारे मराठी लोक कमी नव्हते, आणि त्यांना सरसकट सरकारचे भाट ठरवणे मला योग्य वाटत नाही. ज्या खोऱ्यात एका अंगाला रायगड, दुसऱ्या अंगाला प्रतापगड आणि मध्ये तानाजीचे उमरठ, तिथे ही घालमेल घराघरात झाली असणार.

आंबेनळीचा घाट ज्यांनी पाहिला असेल त्यांना पुढचे लक्षात येईल. पोलादपूरहून वीसेक किलोमीटर वर चढत जायचे. एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला सरळ दरी. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरकावे लागावे अशी वळणे. पावसाळ्यात दरड येते आणि रस्ता बंद होतो. २०१८ च्या जुलैत दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस याच घाटातून दरीत गेली आणि तीस माणसे गेली, ते अजून कुणी विसरलेले नाही. १९५७ मध्ये कोकण रेल्वेचे नावही नव्हते, ती आली १९९८ ला. महाडपर्यंत यायचे तर एस.टी., ट्रक, नाहीतर खाडीतून लाँच. तिथून पुढे बहुतेकांचे पाय. नोव्हेंबरअखेर म्हणजे भातकापणी उरकून झोडणी चाललेली, रात्री घाटात कडाक्याची थंडी. अशा वेळी हजारो माणसे भाकऱ्या बांधून पोलादपुरात आणि घाटात जमली. तिकडे पसरणी घाटात वाई-सातारा-पुण्याकडची गर्दी होती. आमच्याकडे एक आजी सांगायच्या, की काळे कापड मिळेना तेव्हा छत्रीचे कापड उसवून त्याची निशाणे केली. एका ठिकाणचे की अनेक, ते त्यांनी सांगितले नाही, पण पावसाळ्यानंतर कोकणात मोडकी छत्री प्रत्येक घरी असते, तेव्हा मला ते अगदी पटते.

अशा अरुंद रस्त्यावर, एका बाजूला दरी असताना, हजारोंच्या गर्दीत एक दगड भिरकावला गेला असता आणि एका पोलिसाने बंदूक उचलली असती तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. दोन वर्षांपूर्वीचे फ्लोरा फाउंटन ताजे होते. समितीच्या नेत्यांनी, विशेषतः एसेम जोशी यांच्यासारख्या शांततेचा आग्रह धरणाऱ्या माणसांनी, लोकांना आवरून धरले. चव्हाणांनीही पोलिसांना आवरले. घोषणांनी दऱ्या दुमदुमल्या, पंतप्रधानांच्या गाड्या पसरणी घाटातून काळ्या निशाणांमधून गेल्या, नेहरूंनी अनावरण केले, शिवरायांचा गौरव केला आणि ते परतले. गोळी चालली नाही. त्या दिवसाचे सर्वांत मोठे यश मी याला म्हणतो. त्यात समितीचा वाटा आहे तसा चव्हाणांचाही, जरी तेव्हा आमच्याकडे चव्हाणांचे नाव काढले की लोक तोंड फिरवत.

प्रतापगडच्या निदर्शनांनी नेहरूंचे मन पालटले, असे पुष्कळदा लिहिले जाते. मला ते थोडे वाढवून सांगितलेले वाटते. एका दिवसाने दिल्ली हलत नाही. निवडणुकीतला मार, मुंबई महापालिका समितीच्या हाती जाणे, गुजरातेतला असंतोष, आणि द्विभाषिक चालणार नाही हे चव्हाणांनी पक्षात हळूहळू पटवून देणे, या सगळ्याचा तो परिणाम. १९५९ मध्ये इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्षा असताना हा प्रश्न पुन्हा उघडला गेला. पण एक गोष्ट प्रतापगडने नक्की केली. ही मूठभर पुढाऱ्यांची किंवा मुंबईतल्या गिरणी कामगारांचीच चळवळ आहे असे जे सांगितले जाई, ते त्या दिवसानंतर कुणाला तोंड वर करून सांगता आले नाही. थंडीत घाट चढून आलेला माणूस शेतकरी होता, हे पंतप्रधानांनी गाडीच्या काचेतून पाहिले होते.

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले, मुंबईसह. बेळगाव, कारवार, निपाणी बाहेर राहिले. त्यावर महाजन आयोग बसला, १९६७ ला त्याचा अहवाल आला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. आमच्या खोऱ्यापुरते बोलायचे तर मुंबई आपल्या राज्यात राहिली आणि मनीऑर्डरी येत राहिल्या. एस.टी.च्या गाड्या वाढल्या, गावोगाव मराठी शाळा आल्या, महाडला महाविद्यालय आले, नंतर औद्योगिक वसाहत आली आणि तिच्याबरोबर सावित्रीच्या पाण्याची तक्रारही आली. पोलादपूरच्या वाट्याला त्यातले फारच थोडे आले.

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. ज्या मुंबईसाठी लोकांनी गोळ्या झेलल्या त्या मुंबईत, आपल्याच राज्यात, आपल्याच भाषेचे सरकार असताना, गिरणी कामगार देशोधडीला लागला. कितीतरी चाकरमानी वळकट्या घेऊन गावी परतले. गावात कामे नव्हती म्हणूनच तर ते गेले होते. गावाच्या खोल्या हळूहळू विकल्या गेल्या, गिरण्यांच्या जमिनींवर मोठमोठे मनोरे उभे राहिले. पुढची पिढी लालबागऐवजी नालासोपारा, विरार, दिवा, कळंबोली इथे राहायला गेली आणि तिथून लोकलला लोंबकळत मुंबईत कामाला येऊ लागली.

आजही गणपतीच्या आदल्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावर गाड्यांची रांग लागते. पोलादपूरला पहाटे उतरणाऱ्यांत बरेच जण विरार-दिव्याकडचे असतात. आंबेनळीकडे जाणारी गाडी तिथेच उभी असते. डोक्यावर गणपतीचा मखर, हातात पिशव्या आणि काखेत झोपलेले पोर घेऊन माणसे तिच्याकडे धावतात. कंडक्टर विचारतो, कुठं जायचं? आणि वाड्या-वस्त्यांची नावे एकामागून एक ऐकू येतात.